घाटातला ठोका

घाटंजी,
२० ऑक्टोबर २००५

तीर्थरूप नंदूकाकांना,
कुंदाचा सा. न. वि. वि.

फोन करावा तर तुम्ही उलट मलाच ओरडून विचारता की मी कोण, आणि बूथवरची माणसं हसतात. म्हणून पत्र. तुमच्या लेकाने, श्रेयसने, आणून दिलेलं कानाचं यंत्र तुम्ही देवघरात ठेवून दिलंय असं कळलं. देवाला कमी ऐकू येतं म्हणून त्याला दिलंत का?

पत्राला कारण दवाखान्याची जीप. तुम्ही उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपात फोरमन म्हणून काढलात, आणि मी छाती तपासणारी डॉक्टरीण. इंजिन ठोकायला लागलंय, काका. सपाटीवर काही नाही. यवतमाळचा घाट लागला आणि गाडीत माणसं भरलेली असली की सुरू होतं. तुम्हाला ऐकवता येत नाही, तेव्हा लिहून बघते. धातूचाच आवाज, पण घणाचा नाही. पत्र्याच्या डब्यात तुरीचे दाणे घालून कोणी हलवावा तसा. किंवा हातभर बांगड्या घातलेल्या बाईने रागारागाने धुणं आपटावं तसा. आपला ड्रायव्हर उकंडा म्हणतो, बाई, चढावर हे रडून राह्यलं अन् उतारावर मुकं होते. नागोराव मिस्त्री म्हणतो व्हॉल्व्हचे टॅपेट ढिले झालेत. दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष गाडी विकून टाका म्हणतात, पण ते प्रत्येक दुखण्यावर हेच सांगतात.

ही गाडी बंद पडली तर इथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पेशंट न्यायला दुसरं काही नाही. श्रेयस काकूंच्या स्मरणार्थ आपल्या पंपावरून फुकट पेट्रोल घालतो म्हणून तर ती चालते. मागच्या पत्र्यावर काकूंचं नाव आहे, त्याखाली ‘सौजन्य’ म्हणून त्याचं. काकूंच्या नावाची गाडी घाटात अशी खोकत चढते, ते मला बघवत नाही.

बाकी सगळं तसंच. परवा कापूसवाल्यांची घरं बघायला पाहुण्यांचा ताफा आला होता. एकाने आमचा संडास वापरला, नाकाला रुमाल लावून बाहेर आला आणि त्याच हाताने माझा हात धरून फोटो काढवून घेतला. दिवसभर हात धुवावेसे वाटत होते.

तुमच्या गुडघ्याचं कळवा. होता तो लोभ ह्या थकलेल्या पुतणीवर राहू द्या.

तुमची,
कुंदा


यवतमाळ,
२५ ऑक्टोबर

चि. कुंदास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

गुडघा माझा आहे, तो दुखणारच. देवाने यंत्राबद्दल तक्रार केलेली नाही.

तुझं वर्णन वाचलं. तुरीचे दाणे आणि बांगड्या! तू डॉक्टर झालीस ते पेशंटचं नशीब, वर्कशॉपात असतीस तर एकही बस बाहेर पडली नसती. तरी समजलं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं आहे. चढावर जोर पडतो आणि ढिला रॉड ठोकतो. आणि बेअरिंग आपोआप जात नाही, पोरी. ऑइल कमी असताना गाडी दामटली की जातं. म्हणजे तुझ्या त्या उकंडाची करामत. मी पुष्कळ ड्रायव्हर पाहिले. डबडं भरून ऑइल विकायचं, वर गाडीच म्हातारी झाली म्हणायचं.

खात्री करून घे. इंजिन चालू ठेव, थोडी रेस दे, आणि प्लगची एकेक वायर काढून बघ. जी काढल्यावर ठोका नरम पडेल, त्या सिलिंडरचं बेअरिंग. वायर लाकडी चिमट्याने धर, हाताने नको. तुझा तो स्टेथोस्कोप लावून ऐक, लाजू नकोस.

हे पत्र समितीला वाचून दाखव. असल्या माणसाच्या हाती भागीरथाच्या नावाची गाडी नको. तिने त्याला किती वेळा जेवू घातलं ते आठवतं का म्हणावं त्याला.

आशीर्वाद आहेतच, अधिक लिहिणे नलगे.

नंदकिशोर


घाटंजी,
१२ नोव्हेंबर

तीर्थरूप काका,
सा. न.

तुमचं पत्र मी वाचून दाखवणार नव्हते. अध्यक्षांनी माझ्या टेबलावरून उचललं आणि सभेत मोठ्याने वाचलं. उकंडाकडून किल्ली काढून घेतली. त्याने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला की ज्याले आवाज आयकू येत नाही तो मले चोर ठरवते, अन् ज्याईले आयकू येते ते माना हालवून राह्यले. मीही मान हलवणाऱ्यांतलीच. आता गावात त्याला कोणी ट्रॅक्टरसुद्धा चालवायला देत नाही. ऑइलचोर हे नाव पडलं की ते पंचक्रोशीत त्याच्या आधी पोचतं.

किल्ली माझ्याकडे आली. तुम्हीच शिकवलं होतं, तेव्हा चालवते आहे.

तुमची परीक्षा करून पाहिली. चिमटा धुण्याचा होता, ओला. असा झटका बसला की तपासायला आलेल्या ओळीतल्या बायका पोट धरून हसल्या. स्टेथोस्कोप लावला. चारही वायरी आळीपाळीने काढल्या. काका, ठोकाच नाही. उभ्या गाडीत, रेस देऊनही, तो येतच नाही. मग नागोरावने डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं. आवाज गेला, पण गाडीतला जीवही गेला.

आणि त्यातच रुखमाबाईचं झालं. जवळच्या गावची आहे, वेचणीला जाते. भाव नाही म्हणून कापूस घरातच पडून. माणसं त्याच्यावरच निजतात, अंगभर खाज घेऊन. ढिगात उंदीर, उंदरामागे साप. पहाटे उठली. लाइट नव्हती, आणि चिमणीत घालायला रॉकेल नव्हतं, कारण रेशनला दसऱ्यापासून रॉकेल आलेलंच नाही. अंधारात पाय पडला.

मी तिला जीपमध्ये घातलं. अर्ध्या घाटात गाडी थांबली. पहिला गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, आणि ती जागची हलेना. तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या आणि मी त्या गाडीला शिव्या देत होते, ज्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं. मागून तुमची लाल एसटी आली. ड्रायव्हरने विचारलंसुद्धा नाही. मागच्या बाकावरची माणसं उठवली, तिला आडवी केली आणि यवतमाळपर्यंत कुठेही न थांबता नेली. मधे उतरायचे होते तेही जागेवर बसून राहिले. रुखमाबाई वाचली. पाय अजून काळानिळा आहे.

मला ह्या गाडीची किळस यायला लागली आहे. स्टिअरिंगचा वास हाताला राहतो. पुढच्या वेळी मागून एसटी आली नाही तर?

कळावे. लोभात कमीजास्त करू नये.

कुंदा


यवतमाळ,
१७ नोव्हेंबर

चि. कुंदास आशीर्वाद.

एसटीचं वाचून दोनदा चष्मा पुसला. त्या ड्रायव्हरचं नाव कळलं तर बघ. डेपोत जाऊन त्याला चहा पाजीन.

आता इंजिन. उभ्या गाडीत ठोकत नाही, वायरी काढून फरक नाही, टायमिंग मागे घेतलं की थांबतं. मग हे बेअरिंग नाही. मी चुकलो. मी डिझेलचा माणूस, माझ्या सगळ्या गाड्या जन्मतःच ठोकायच्या. पेट्रोलचं इंजिन असं चढावर खडखडतं ते आतलं तेल वेळेआधी पेटतं म्हणून. म्हणजे पेट्रोलमध्ये रॉकेल. तेल तर आपल्या घरच्या पंपाचं, तेव्हा मिसळणारा मधलाच कोणीतरी. अर्धं पेट्रोल काढून विकायचं आणि वर रॉकेल ओतायचं, हा उकंडाचा उद्योग. ऑइलचोर नसेल, पेट्रोलचोर निघाला.

टाकीत अजून त्याच्याच वेळचं तेल असेल. ते संपू दे. प्लग काढून रंग बघ. ऑइल बोटावर घेऊन बघ, पातळ झालंय का. आणि एवढं सांग, की त्याच्या हातून किल्ली गेल्यावर, तू स्वतः टाकी भरल्यावर, आवाज थांबला की नाही. थांबला असेल तर पोलिसात दे.

नंदकिशोर


घाटंजी,
४ डिसेंबर

तीर्थरूप काका,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. मुकुटबनला तपासणीचं शिबिर होतं, तिकडे गेले होते. तिथल्या बायका हाताला कापसाच्या बोंडांनी पडलेल्या चिरा दाखवायला आल्या होत्या आणि जाताना मलाच मूठभर तीळ देऊन गेल्या.

प्लग बघितले, काळे आहेत, काजळी धरलेले. ऑइल पातळ झालंय, बोटावरून पाण्यासारखं ओघळतं. नागोरावने बदललं, आणि टायमिंगही पुन्हा पहिल्या जागी आणलं. येताना वणीजवळ टाकी कोरडी पडली म्हणून तिथेच पेट्रोल भरलं. काका, गाडी तिथून अशी आली की मला वाटलं चुकून दुसऱ्याच कोणाची घेऊन निघाले. कुठे म्हणून आवाज नाही.

इकडे थंडी चांगली पडली आहे. कापसाची खरेदी अजून रडतरखडत चालली आहे. रुखमाबाई आता भिंतीला धरून चालते. उकंडाची मुलगी उर्वशी परवा दवाखान्यासमोरून गेली. नेहमी हात हलवते, ह्या वेळी तिने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तोंड फिरवलं. उकंडाला परत घ्यावं असं समितीला लिहू का? तुम्ही दोन ओळी दिल्यात तर बरं होईल. कारण काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

गुडघ्याला तिळाचं तेल चोळा. मुकुटबनचे तीळ येणाऱ्याच्या हाती पाठवते. माया असू द्या.

कुंदा


यवतमाळ,
९ डिसेंबर

चि. कुंदास आशीर्वाद.

प्लगचा रंग लिहिलास. ऑइल लिहिलंस. तीळ लिहिलेस. मी एकच गोष्ट नेमकी विचारली होती. वणीचं पेट्रोल संपल्यावर तू इथे टाकी भरलीच असशील. मग आवाज आला की नाही? त्यावर तुझं पत्र गप्प आहे.

मी बहिरा झाल्यापासून लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. त्यामुळे ऐकायचं मी सोडून दिलं, आता कोण कुठे गप्प बसतं ते बघतो. तू लहानपणीसुद्धा खोटं बोलायची नाहीस. नुसती दुसरं काहीतरी सांगत राहायचीस.

उत्तर पाठवू नकोस. उद्या सकाळी मी पंपावर जातो.

काका


यवतमाळ,
१३ डिसेंबर

कुंदाताईस,
श्रेयसचा नमस्कार.

मी सहसा पत्रं लिहीत नाही, पण तू फोनवर काहीच बोलत नाहीस. बाबा चार दिवस पंपावर खुर्ची टाकून बसलेत. येणाऱ्या प्रत्येकाला तळहात पुढे करायला सांगतात. लोकांना वाटतं म्हातारा ज्योतिषी झाला. माझ्या माणसांसमोर माझी काय शोभा होते ते तुला कळतंय का?

तू त्यांना पत्रं लिहून चढवलंस. थोडंफार सगळीकडेच चालतं, ताई. टँकर वरूनच हलका येतो, वर ह्याला त्याला खूश ठेवावं लागतं. आणि तुझी गैरसमजूत होऊ नये म्हणून सांगतो, गिऱ्हाइकांच्या पेट्रोलमध्ये आम्ही इतकं कधीच घालत नाही. गिऱ्हाईक तुटतं. दवाखान्याच्या जीपचं पिंप वेगळं असतं. ते दानाचं आहे, त्याला कोणी पैसे देत नाही, मग त्यात थोडं जास्त असलं तर बिघडलं काय? धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत हे तुला कोणी शिकवलं नाही का? आईच्या नावाने इतकी वर्षं गाडी फिरली, तेव्हा कोणाला वास आला नाही.

उकंडाचं म्हणशील तर मी त्याचं नाव घेतलेलं नव्हतं. तुमच्याच समितीने काढलं.

बाबांना समजाव. त्यांचं बीपी वाढलं तर जबाबदार तू. तुझी वहिनी आणि मुलं मजेत. येत जा कधी.

श्रेयस


यवतमाळ,
१८ डिसेंबर

चि. कुंदास,
आशीर्वाद.

सविस्तर लिहितो, कारण हे एकदाच लिहिणार आहे.

चांगलं पेट्रोल तळहातावर टाकलं की बर्फासारखं गार लागतं आणि बघता बघता उडून जातं, हात कोरडा. रॉकेल बसून राहतं. पंपावर जाऊन मी नळीतून हातावर घेतलं. थोडं चिकट होतं, थोडं उडालं. तेवढ्यावर मी स्वतःला समजावलं असतं, बापाचं मन तसंच असतं. मग नोकराने मालकाचा बाप म्हणून माझ्या कानाशी ओरडून विचारलं की दवाखान्याच्या पिंपातलं पाहिजे का. मागच्या शेडमध्ये निळं पिंप होतं. त्यावर खडूने काय लिहिलं होतं सांगू? आईचं. नोकर त्याला असंच म्हणतात. आईचं पिंप.

त्यातलं हातावर घेतलं. ते कुठेच गेलं नाही. हात तसाच धरून मी उभा राहिलो आणि ते तसंच राहिलं, तेलकट, कोमट. साबणाने धुतला, राखेने धुतला, लिंबू चोळलं. संध्याकाळी भात कालवला तर भाताला तो वास. ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी चमच्याने जेवलो. भागीरथा असती तर तिने मला हात दाखव म्हटलं असतं, आणि मी काय दाखवलं असतं?

श्रेयसला विचारलं की हे रॉकेल येतं कुठून. तो ओठ हलवत होता. मला ऐकू आलं नाही, पण रेशनच्या गाडीचा माणूस शेडमागे डबे उतरवत होता, ते दिसलं. तुझ्या रुखमाबाईच्या चिमणीत जे नव्हतं, ते तुझ्या गाडीच्या टाकीत होतं, कुंदा. ते नव्हतं म्हणून तिला साप चावला आणि ते होतं म्हणून ती घाटात अडकली. हे मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं, जोड कुठेच सुटत नाही. मला स्वतःच्या रक्ताची शिसारी आली.

पुरवठा कार्यालयात तक्रार दिली. तक्रारदार म्हणून माझंच नाव, नातं बाप. तिथल्या बाबूने आजोबा, घरातच मिटवा, असं कागदावर लिहून दाखवलं. मी त्याच कागदावर लिहिलं, कायले? घरातच तर सुरू झालं. पुढे ते काय करतील मला माहीत नाही. पण पोच घेतली आहे.

श्रेयसला दोन गोष्टी सांगितल्या. पंपाच्या पाटीवरून आईचं नाव उतरव. आणि हे तुझं कानाचं यंत्र घे. तो बराच वेळ बोलत होता, हातवारे करून. बहिरेपणाचा एवढा फायदा मला आजवर झाला नव्हता.

समितीला वेगळं पत्र जोडलं आहे. उकंडाला चोर मी ठरवलं, दोनदा, आवाज न ऐकता. ते पत्र अध्यक्षांनी सभेत पहिल्याइतकंच मोठ्याने वाचावं. आणि जीपच्या मागचं भागीरथाचं नाव खरवडून काढा. तिला त्या पिंपाशी बांधून ठेवू नका.

तुझा,
काका


घाटंजी,
८ जानेवारी २००६

तीर्थरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अध्यक्षांनी वाचलं, पण हळू आवाजात. मी उठून त्यांच्या हातातून घेतलं आणि पुन्हा वाचलं, बाहेरच्या ओळीतल्या बायकांना ऐकू जाईल असं. मग उकंडाच्या घरी गेले. तो खाटेवर बसून राहिला, उठला नाही. म्हणाला की बाई, सभेत नेऊन चोर केलं अन् साव कराले घरी आल्या. मी म्हटलं सभेतही वाचलंय. उर्वशीने आतून ओरडून सांगितलं की बाबा, खरं हाय, मी आयकलं. तेव्हा त्याने हात पुढे केला, किल्लीसाठी.

आता पेट्रोल गावातून वर्गणी काढून भरतो आहोत. पुरत नाही, म्हणून जीप फक्त अडलेल्यालाच निघते. रुखमाबाईने एक पायली ज्वारी आणून ठेवली आणि म्हणाली, ह्याचं तेल घाला. मी ती वर्गणीच्या वहीत तिच्या नावावर मांडली. श्रेयसचं पत्र मी चुलीत घातलं, आणि मग त्याचाही धूर नाकात बसला. तुम्ही हात धूत होतात तसं मी नाक धूत होते. हे काही दिवसांत जाणार नाही, काका, दोघांचंही.

काल उकंडाने घाट चढवला, मागे तीन पेशंट. दाण्यांचा तो खडखडाट नाही. पण तुमच्याशी खोटं बोलायचं नाही, आणि दुसरं काहीतरी सांगत राहायचंही नाही. खाली, अगदी खोल, एक नवा ठोका आहे. जड. ओल्या लाकडावर मुठीने मारावं तसा. ह्या वेळी तो उभ्या गाडीतही येतो. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढली की नरम पडतो. चिमटा कोरडा होता. इतके दिवस पातळ ऑइलवर चालली, बेअरिंग खरंच झिजलं. तुमचं पहिलं निदान शेवटी खरं झालं. उकंडा म्हणतो, म्हाताऱ्यानं ऑक्टोबरात सांगतलं अन् गाडीनं जानेवारीत आयकलं.

मागचा पत्रा त्याने खरवडला. मी बघायला गेले तर श्रेयसची ओळ साफ गेली होती आणि काकूंचं नाव जसंच्या तसं. वर त्याने कापसाच्या बोळ्याने ते पुसून लखलखीत केलं होतं. मी तुमचा निरोप सांगितला. त्याचं म्हणणं, त्या माउलीनं मले जेवू घालताना कोनाचं सौजन्य लिवलं नव्हतं. तिचं नाव मी काढणार नाही, म्हाताऱ्याले म्हणाव, यून सोता काढ.

तेव्हा तुम्ही या. घाटंजीच्या गाडीने या, स्टँडवर तो घ्यायला येईल. पुढच्या सीटवर बसा, गिअरच्या दांडीवर तळहात ठेवा आणि ठोका कसा आहे ते मला सांगा. तो हात नुसता धूत बसून चालणार नाही. बेअरिंग बदलायचं आहे, आणि नागोराव म्हणतो, सांगणारं कोणी जवळ असल्याशिवाय तो इंजिन उघडणार नाही.

वाट बघते. लोभ आहे, हे आता विचारायला नको.

तुमची,
कुंदा